सुटे पान विकत घेऊ नका : हस्तलिखितांच्या संग्राहकांना खुले पत्र

जुन्या हस्तलिखितांची सुटी पाने जमवणाऱ्या सर्व संग्राहकांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्यातले बरेच जण नाण्यांपासून सुरुवात करून तिकिटांकडे आणि तिथून मोडी कागदांकडे वळले. आता अनेकांच्या संग्रहात फारसी-अरबी हस्तलिखितांची सुटी पानेही दिसू लागली आहेत. कुणाकडे सोनेरी चौकटीतले कुराणाचे पान आहे, कुणाकडे शाहनाम्यातले, म्हणजे इराणच्या राजांच्या फारसी महाकाव्यातले, चित्र, कुणाकडे हकिमी ग्रंथातले वनस्पतीचे पान. ऑनलाइन लिलावात ती मिळतात, प्रदर्शनातल्या टेबलांवरही मिळतात. काचेच्या चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावली की फार देखणी दिसतात, हे मला मान्य आहे. माझी विनंती एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. बांधलेल्या ग्रंथातून निघालेले सुटे पान विकत घेऊ नका. स्वस्त मिळाले तरी नको आणि चित्र कितीही सुंदर असले तरी नको.

मी हस्तलिखितांच्या याद्या करण्याचे काम करते. पोथ्या, बाडे, रुमालात बांधलेले मोडी कागद आणि अधूनमधून फारसी ग्रंथ माझ्या हाताखालून जातात. या कामामुळे एक सवय लागली आहे. सुटे पान समोर आले की ते किती जुने, केवढ्याचे, हे विचारण्याआधी मी विचारते, बाकीचा ग्रंथ कुठे आहे? हा प्रश्न तुम्हीही विचारावा असे मला मनापासून वाटते. का, ते कळण्यासाठी एका पानाची हकीकत सांगते.

अमेरिकेत केंब्रिज इथे हार्वर्ड विद्यापीठाचे कला संग्रहालय आहे. तिथे फिर्दौसी या कवीच्या शाहनाम्यातले एक चित्रित पान आहे. ते इल्खानी, म्हणजे इराणवर राज्य करणाऱ्या मंगोलांच्या राजवटीतले, बहुधा इराणातल्या तब्रीझमध्ये १३३० च्या दशकात तयार झालेले. प्रसंग आपल्याला परका नाही. सिकंदर हिंदचा राजा फूर याच्यावर चालून आला आहे, आणि फूर म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातला पोरस. फूरच्या हत्तींपुढे निभाव कसा लागायचा या चिंतेत सिकंदर लोहारांना कामाला लावतो. पोकळ लोखंडी घोडे घडवले जातात, त्यांच्यावर लोखंडी स्वार, खाली चाके आणि पोटात नफ्त, म्हणजे जमिनीतून निघणारे ज्वालाग्राही तेल. ते पेटवून हे घोडे शत्रूवर लोटायचे. हत्ती सोंडा पुढे करतात, भाजतात आणि माघारी फिरतात.

चित्रकाराने ही कल्पना अगदी शब्दशः घेतली आहे. घोड्यांच्या पायांखाली खरोखरच चाके काढलेली आहेत. लोखंडाचा थंड राखाडी रंग आणि त्यातून उसळणाऱ्या ज्वाळा शेजारी शेजारी आल्या आहेत. संग्रहालयाने या पानाची प्रतिमा ऑनलाइन ठेवलेली आहे, ती मोठी करून जरूर पाहा. मी ती पुष्कळदा पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी नजर त्या चाकांवरच जाऊन थांबते. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी तब्रीझमध्ये बसून कुणी तरी हिंदुस्थानातल्या लढाईचा एवढा विचार केला, याचे अजूनही अप्रूप वाटते.

आता गोष्ट पुढे काय होते? 'राजाने राजाला वागवावे तसे मला वागव' असे म्हणणारा आणि आपले राज्य परत मिळवणारा पोरस आपण शाळेत शिकलो. फिर्दौसीचा फूर वेगळा आहे. तो सिकंदराशी समोरासमोर लढतो, मागून आलेल्या गलक्याने त्याचे लक्ष विचलित होते आणि तेवढ्यात सिकंदर त्याला ठार करतो. एकच राजा, ग्रीकांच्या आठवणीत एक शेवट आणि इराणी महाकाव्यात दुसरा. हे नुसते चित्र पाहून कळत नाही, त्यासाठी पुढचे बैत, म्हणजे दोन चरणांची कडवी, वाचावे लागतात. तब्रीझच्या त्या ग्रंथात चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते बैत असत. आज ते तसे उरलेले नाहीत, कारण तो ग्रंथच उरलेला नाही.

अभ्यासकांच्या अंदाजाने हा ग्रंथ दोन खंडांचा होता. सुमारे २८० मोठी पाने आणि त्यांत १९० च्या आसपास चित्रे. मजकूर सहा रकान्यांत, पानाच्या एका बाजूला ३१ ओळी. एका ओळीत तीन बैत बसत, म्हणजे चित्र नसलेल्या भरल्या बाजूवर ९३ बैत. फिर्दौसीने १०१० साली पुरे केलेले सुमारे पन्नास हजार बैतांचे काव्य या आकारात मावले होते. आज यातली ५८ च्या आसपास चित्रे ठाऊक आहेत. ती वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, बॉस्टन, केंब्रिज, डेट्रॉइट, मॉन्ट्रियल, पॅरिस आणि डब्लिन अशी विखुरली आहेत, काही खासगी संग्रहांतही आहेत.

हे कुठल्या लढाईत किंवा आगीत झालेले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ग्रंथ इराणातच होता. तिथून तो पॅरिसच्या जॉर्ज देमोत नावाच्या व्यापाऱ्याच्या हाती गेला. अख्ख्या ग्रंथाला त्याला हवी तेवढी किंमत देणारे गिऱ्हाईक मिळेना. मग १९१० च्या दशकात त्याने बांधणी मोडली आणि चित्रांची पाने एकेक करून विकायला काढली. पुढे कित्येक वर्षे विद्वान या महान ग्रंथाला 'देमोत शाहनामा' म्हणत राहिले. ज्याने तो फाडला त्याचेच नाव त्याला चिकटले. आता 'थोरला मंगोल शाहनामा' हे नाव रुळले आहे, ते बरे झाले.

एवढे ऐकून कुणी म्हणेल, ग्रंथ मोडला तरी पाने वाचली ना? पण देमोतने पानेही धड ठेवली नाहीत. काही पानांना दोन्ही बाजूंनी चित्रे होती. एका पानाची दोन चित्रे करून दोन गिऱ्हाइकांना विकता यावीत म्हणून ती पाने जाडीतून चिरण्यात आली. पुढचा पापुद्रा वेगळा, मागचा वेगळा. ज्यांनी हाताने बनवलेला जुना कागद हाताळला आहे त्यांना यात काय जोखीम आहे ते सांगायला नको. ओल थोडी जास्त झाली, हात थोडा वाकडा गेला की रंगाचा थर गेलाच. असे करताना चित्रांना इजा झालीही. मग या पापुद्र्यांना पाठ हवी, म्हणून त्याच ग्रंथातली भलतीच मजकुराची पाने त्यांच्यावर डकवली. कुठे मजकूर नव्याने लिहून घेतला. त्यामुळे आज काही पानांवर एका बाजूला एक प्रसंग दिसतो आणि भोवतालचा किंवा मागचा मजकूर काव्यातल्या कुठल्या तरी दुसऱ्याच ठिकाणचा असतो. काचेच्या पेटीत पान अखंड दिसते, पण त्याचा एक थर एकीकडचा आणि दुसरा दुसरीकडचा.

आणि नुसत्या मजकुराची पाने? त्यांना बाजार नव्हता. ती चित्रांच्या पाठी म्हणून खपली किंवा नाहीशी झाली. अशी फारच थोडी हाताला लागतात. ज्या काव्यासाठी हा सगळा खटाटोप झाला होता, कागद घोटला गेला, रकाने आखले गेले, सोने कुटले गेले, त्या काव्याचाच बहुतांश भाग या प्रतीतून गेला. हे मला सगळ्यात जास्त लागते.

ओलेग ग्राबार आणि शीला ब्लेअर या दोन अभ्यासकांनी जगभरची पाने छायाचित्रांतून एकत्र आणून १९८० मध्ये त्यांची जुळवणी प्रसिद्ध केली. ते काम वाचताना जाणवते की केवढी बुद्धी केवळ तुटलेले जोडण्यात खर्च झाली. हे पान कुठल्या पानानंतर येत असेल, ही पाठ मुळात कुणाची, हा मजकूर जुना की पॅरिसमध्ये लिहिलेला, हेच आधी ठरवावे लागले. ग्रंथ शाबूत असता तर ही विद्वत्ता त्यापुढच्या प्रश्नांकडे वळली असती.

ते प्रश्न छोटे नाहीत. मंगोल हे इराणचे जेते, बाहेरून आलेले. त्यांनी इराणच्या प्राचीन राजांचे महाकाव्य एवढ्या थाटात का लिहवून घेतले? असंख्य प्रसंगांतून नेमके हेच प्रसंग चित्रांसाठी का निवडले? या ग्रंथाच्या उरलेल्या चित्रांत मृत्यू आणि शोक फार आहे. वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहातले सिकंदराच्या शवपेटीचे चित्र पाहा. मध्यभागी पेटी, तिच्यावर ओणवी झालेली आई, भोवती आक्रोश करणाऱ्या स्त्रिया, आणि रुमालाने डोळे टिपणारा वृद्ध ॲरिस्टॉटल. इल्खानी सुलतान अबू सईद १३३५ मध्ये मुलगा न ठेवता वारला आणि त्याचे राज्य फुटले. हे चित्र त्या मृत्यूच्या आधीचे की नंतरचे? त्याच्या आसपास आणखी कोणती चित्रे होती? ग्रंथ हातात असता तर कागद, शाई आणि पानांचा क्रम यांतून काही बोलता आले असते. आता तर्क करत बसायचे.

याच काळात आपल्याकडे काय चालले होते ते आठवा. १९१० मध्ये वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. राजवाडे त्याच्या कितीतरी आधीपासून गावोगाव पायपीट करून दप्तरे धुंडाळत होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा. त्या कागदांत चित्र नाही, सोने नाही. वाळवीने खाल्लेला साधा मजकूर, पण त्यासाठी माणसे जीव टाकत होती. त्याच दशकात पॅरिसमध्ये शाहनाम्याचा मजकूर चित्राच्या मागे डकवायला वापरला जात होता. तुम्ही संग्राहक आहात. राजवाड्यांची नजर तुम्हाला वारशाने मिळालेली आहे, तिच्याशी इमान राखा एवढेच म्हणते.

आपल्याकडे एक गैरसमज सहज होतो, तो इथे दूर करायला हवा. आपली पोथी मुळातच सुट्या पानांची असते. दोन पाट्यांमध्ये पाने रचायची, फडक्यात बांधायची. पान उचलायचे, वाचायचे, उलटून ठेवायचे. त्यामुळे 'सुटे पान' हे आपल्याला विचित्र वाटत नाही. पण पोथीच्या पानावर समासात पत्रांक असतो, बहुधा ग्रंथाच्या नावाची आद्याक्षरेही असतात. पान भरकटले तरी ते कुठले आणि कितवे हे कळण्याची सोय लिहिणाऱ्याने करून ठेवलेली असते. अरबी-फारसी ग्रंथाची घडण वेगळी. तिथे कागद दुमडून जुड्या करतात, घडीतून दोरा घालून त्या शिवतात आणि वर चामड्याची बांधणी चढते. पानांचा क्रम शिलाईच राखते. पुष्कळ जुन्या ग्रंथांत पानाला मुळात आकडाच नसतो. शिलाई उसवली की पानाला आपले ठिकाण सांगायला फारसे काही उरत नाही.

एक खूण मात्र उरते, ती नीट बघायला शिका. पानाच्या मागच्या बाजूला, तळाशी डाव्या कोपऱ्यात, ओळीच्या खाली एक शब्द तिरपा किंवा बारीक लिहिलेला असतो. तो पुढच्या पानाचा पहिला शब्द. बांधणाऱ्याने जुड्या चुकवू नयेत म्हणून लेखनिकाने तो लिहिलेला असतो. सुट्या झालेल्या पानांची जुळवणी मी याच शब्दावरून करते. दहा-बारा पानांचा गठ्ठा समोर घ्यायचा आणि एकाचा कोपऱ्यातला शब्द दुसऱ्याच्या सुरुवातीशी जुळतो का पाहायचे. जुळला की एवढा आनंद होतो की काय सांगू.

आमच्या एका परिचितांनी असेच एक पान विकत घेतले. फारसी कवी सादीच्या 'गुलिस्तान'चे, चित्र नसलेले, पण सुरेख नस्तालिक अक्षरातले. त्यांनी ते मला वाचायला दिले. एक गोष्ट अर्ध्यावर आली होती, कोपऱ्यात पुढचा शब्द होता. पुढचे पान कुठे, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. उत्तर आले की ते दुसऱ्या कुणाला गेले, त्याच्या पुढचे तिसऱ्या कुणाला. ग्रंथ पूर्ण होता, बांधलेला होता, पण पूर्ण ग्रंथाला कुणी भाव देत नव्हते, म्हणून पाने वेगळी केली. 'गुलिस्तान'च्या प्रती जगात हजारो असतील, त्यामुळे सादीची रचना बुडाली नाही. पण त्या प्रतीच्या शेवटी लेखनिकाने आपले नाव, गाव, साल लिहिले असेल. समासात कुणी विद्यार्थ्याने अर्थ टिपले असतील. पहिल्या पानावर मालकांचे शिक्के असतील. कदाचित तो ग्रंथ दख्खनमधलाच असेल, औरंगाबादेत किंवा बऱ्हाणपुरात लिहिलेला. आता ते कधीच कळणार नाही. आमच्या परिचितांना याचे फार वाईट वाटले. त्यांनी वाईट हेतूने काहीच केले नव्हते, आवडले म्हणून घेतले होते. पण विक्रेत्याने बांधणी उसवली ती त्यांच्यासारखे घेणारे आहेत हे माहीत होते म्हणूनच.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ग्रंथ बांधलेला असेल तर प्रदर्शनात एका वेळी दोनच पाने दिसतात. पाने सुटी झाली म्हणून आठ-दहा शहरांतल्या लोकांना हा शाहनामा पाहता आला, नाही तर तो एका तिजोरीत पडून राहिला असता, असे म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी यात थोडे वजन होते. आज एकेका पानाची उत्तम प्रतिमा घरबसल्या पाहता येते, तेव्हा पाहण्यासाठी कापण्याची काही गरज उरलेली नाही. शिवाय शाबूत राहिलेले ग्रंथ लोकांपासून दूर राहिले असेही नाही. १४३० मध्ये हेरातला तैमुरी राजपुत्र बायसुंगुर याच्यासाठी केलेला शाहनामा तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्याच्या ग्रंथालयात आहे. २००७ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतीच्या यादीत त्याची नोंद केली. तो आजही ग्रंथ म्हणून वाचता येतो.

आणि हे देमोतबरोबर संपले असे समजू नका. सोळाव्या शतकात इराणचा राजा शाह तहमास्प याच्यासाठी तयार झालेल्या शाहनाम्यात २५८ चित्रे होती. आर्थर हॉटन या अमेरिकन संग्राहकाने तो १९५९ मध्ये घेतला. हॉटन पुस्तकांचा जाणकार होता, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या कारभारात मोठ्या पदावर होता. तरी त्याने ग्रंथाची बांधणी उसवली. ७८ चित्रे त्या संग्रहालयाला दिली, काही लिलावात आणि खासगीत विकली. त्याच्या मृत्यूनंतर उरलेली ११८ चित्रे, मजकूर आणि बांधणी १९९४ मध्ये इराणला परत गेली, बदल्यात विलेम द कूनिंगचे एक आधुनिक चित्र देऊन. ही अदलाबदल व्हिएन्नाच्या विमानतळावर झाली. त्याच ग्रंथातले एक पान २०२२ मध्ये लंडनच्या लिलावात ८० लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. असा आकडा बातमीत आला की कुठल्या तरी गावात, कुणाच्या तरी कपाटातला बांधलेला ग्रंथ धोक्यात येतो. मालक पानांकडे बघून हिशेब करू लागतो. तुम्ही हजार-दोन हजारांना घेतलेले पान त्याच हिशेबाला खालच्या पायरीवर बळ देते.

मुंबईच्या वाचकांना शाहनामा काही लांबचा नाही. जमशेद, रुस्तम, सोहराब, फरेदून, कैखुशरू, अर्देशीर, मिनोचर ही नावे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या हाका मारून वापरली गेली, ती याच काव्यातली. पारशी घरांत शाहनामा वाचला गेला, त्याचे गुजराती अनुवाद मुंबईत छापले गेले. काव्य ज्यांनी असे घरात ठेवले, त्यांच्या शेजाऱ्यांनी तरी त्याची पाने सुटी विकत घेऊ नयेत.

व्यवहाराची बाजूही सांगते. बाजारातले 'मध्ययुगीन इस्लामी चित्र' म्हणून विकले जाणारे पान पुष्कळदा तसे नसतेच. इस्तंबूलच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या खऱ्या पानांवर नवी चित्रे रंगवून विकतात. वैद्य रोग्याला तपासतो आहे, ज्योतिषी दुर्बीण लावून बसला आहे, असले प्रसंग. आपल्याकडे राजस्थानात संस्थानी काळातल्या स्टँपपेपरवर नवी लघुचित्रे काढतात, तीही पुढे जुनी म्हणून फिरतात. ओळखायचे कसे? पान उजेडासमोर तिरपे धरा. रंगाखालून अक्षरे डोकावत असतील, चित्राची कड ओळींच्या मधूनच गेली असेल, मजकूर व्याकरणाचा आणि चित्र शिकारीचे असेल, तर चित्र नंतरचे आहे. म्हणजे इथे दुहेरी नुकसान. एका खऱ्या ग्रंथाचा बळी गेला, आणि तुमच्या हाती आले ते खोटे चित्र.

कायद्याचेही बघा. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यानुसार शास्त्रीय, ऐतिहासिक, साहित्यिक किंवा कलात्मक मोलाचे हस्तलिखित ७५ वर्षे जुने झाले की पुरावस्तू ठरते. त्याचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. लिलावाच्या संकेतस्थळावर कुणी 'परदेशी पाठवतो' म्हणत असेल तर तिथूनच मागे फिरा. विक्रेत्याला परवाना मागा. पान कुठल्या ग्रंथातले, तो ग्रंथ कुणाकडचा, बाकीची पाने कुठे आहेत, हे लेखी मागा. प्रामाणिक माणूस सांगेल. जो टाळाटाळ करेल त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. अख्खा ग्रंथ विकाऊ असल्याचे कानावर आले तर तुम्ही चार-पाच जण मिळून तो घ्या आणि एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा संशोधन संस्थेकडे ठेवा. एकट्याने पान घेण्यापेक्षा त्यात पैसा फार जास्त जातो असेही नाही, कारण चित्र नसलेले अख्खे ग्रंथ अनेकदा रद्दीच्या मानाने किंचितच जास्त दराने जातात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

ज्यांच्याकडे अशी पाने आधीच आहेत त्यांनी ती लपवू नयेत आणि लाजूही नये. ती चौकटीत असतील तर काढा. मागची बाजू पुठ्ठ्याला चिकटवलेली असेल तर स्वतः सोडवायला जाऊ नका, जाणत्या संवर्धकाकडे न्या. दोन्ही बाजूंचे स्वच्छ छायाचित्र काढा. लांबी-रुंदी, ओळींची संख्या, कोपऱ्यातला शब्द, घडीकडच्या कडेला असलेली शिलाईची छिद्रे, हे सगळे टिपून ठेवा. कुणाकडून आणि कधी घेतले तेही लिहा. २००३ पासून देशात हस्तलिखितांच्या नोंदणीचे राष्ट्रीय काम सुरू आहे, त्यात सुट्या पानांचीही नोंद व्हावी असा आग्रह आपण धरू या. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातून १९९९ मध्ये सुरू झालेल्या शाहनामा प्रकल्पाने जगभरच्या शाहनाम्यांच्या चित्रांची एकत्र नोंद करून दाखवली आहे. विखुरलेले पुन्हा शिवता आले नाही तरी कागदोपत्री एकत्र आणता येते हे त्यातून दिसते.

शेवटी एक प्रत्यक्ष प्रस्ताव. पुण्या-मुंबईत ज्यांनी एकाच विक्रेत्याकडून फारसी पाने घेतली आहेत, त्यांनी आपापली छायाचित्रे एकमेकांना पाठवायला सुरुवात करावी. त्यातली काही एकाच ग्रंथातली निघतील, अशी माझी खात्री आहे. मग एका रविवारी सगळी पाने घेऊन एकत्र बसू. मोठी टेबले, पाने ठेवायला आम्लविरहित कागद आणि फारसी नीट वाचू शकणारी दोन माणसे यांची सोय मी करते. कोपऱ्यातला शब्द घ्यायचा आणि पुढचे पान कुणाच्या हातात आहे ते शोधायचे.

आपली,
हस्तलिखितांच्या याद्या करणारी एक कार्यकर्ती
पुणे